सांधा बदलला, मग तो ढिला का पडला? घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि मी स्वतः विचारलेले प्रश्न

आईच्या खुब्याचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हापासून ज्यांच्या ज्यांच्या घरात कुणाच्या वाट्या बदलल्यात ते सगळे मला फोन करून तेच तेच विचारतात, आणि प्रत्येकाला अर्धा तास सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी डॉक्टर नाही. भोसरीला बेअरिंग आणि बुशच्या कामात आहे, म्हणजे झीज हा माझा पोटापाण्याचा विषय, आणि तरीही या प्रकरणात माझा पहिला अंदाज साफ चुकला होता. औषध-गोळीचा निर्णय तुमच्या ऑर्थोपेडिक सर्जनला विचारूनच घ्या, हे वेगळं सांगायला नको.

ढिला झालाय म्हणजे काय? स्क्रू सुटला का?

मलाही तसंच वाटलं होतं. ढिला म्हटलं की आपल्या डोक्यात पहिलं येतं ते म्हणजे कुणीतरी नीट कसलं नव्हतं. पण खुब्यात काय असतं, एक वाटी कमरेच्या हाडात बसवलेली आणि एक दांडा मांडीच्या हाडात ठोकलेला, दोन्ही एकतर सिमेंटने धरलेले नाहीतर त्यांच्या खरखरीत पृष्ठभागात हाड वाढून धरलेले. वर्षांनी ते हलायला लागतात तेव्हा धातूचं बहुतेकदा काहीच बिघडलेलं नसतं, त्याला धरून ठेवणारं हाड गेलेलं असतं. खिळा शाबूत आहे पण भोवतीचा गिलावा भुसभुशीत झालाय, तसं. जंतू नसताना असं झालं तर डॉक्टर त्याला एसेप्टिक लूजनिंग म्हणतात.

लवकर, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत ढिला पडला तर मात्र माझा पहिला संशय खरा असू शकतो. हाड धरायच्या आधीच इम्प्लांट हलत राहिलं, साधारण दीडशे मायक्रॉनच्या वर (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर तिथे हाडाऐवजी नुसता तंतूंचा पडदा तयार होतो आणि मग ते कधीच घट्ट बसत नाही.

म्हणजे शरीराने रिजेक्ट केला ना?

नाही, आणि हा शब्द सगळ्यांनी टाकून द्या. किडनी रिजेक्ट होते तेव्हा शरीराला दुसऱ्या माणसाच्या पेशी ओळखू येतात आणि त्यांच्यावर हल्ला होतो, म्हणून किडनीवाल्यांना जन्मभर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घ्याव्या लागतात. सांध्यात जिवंत असं काही नसतंच. धातू आणि प्लास्टिकचा अखंड तुकडा शरीर वर्षानुवर्षं गपगुमान सांभाळतं. गडबड करतो तो चुरा.

मग यात प्रतिकारशक्ती येते कुठून?

इथेच खरी गोष्ट आहे, जरा सावकाश वाचा.

बहुतेक बदललेल्या खुब्यांत धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा प्लास्टिकच्या वाटीत फिरतो. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिइथिलीन, कॅरीबॅगच्याच खानदानातलं पण फार दणकट जातीचं. घासलं की झिजतंच, आणि एका पावलाला काही लाख कण पडतात असा हिशोब संशोधकांनी मांडलाय. यातले बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. रक्तातली लाल पेशी सात मायक्रॉनची असते म्हणजे विचार करा. आणि एक मायक्रॉन हे माप साधारण कुणाचं, तर बॅक्टेरियाचं.

आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात, घंटागाडीवालेच म्हणा ना. जंतू दिसला, मेलेली पेशी दिसली की गिळायची आणि आतल्या रसायनांनी विरघळवून टाकायची. त्यांच्यासमोर जंतूच्याच मापाचा प्लास्टिकचा कण आला की त्या गिळतात. पण तो विरघळत नाही. उकिरड्यावरच्या गाईने प्लास्टिकची पिशवी खाल्ली की ती पोटात तशीच पडून राहते, अगदी तोच प्रकार. पेशी आणखी रसायनं सोडते, काही होत नाही, मग ती मदतीची हाक मारते, टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ वगैरे निरोप आजूबाजूला जातात आणि आणखी पेशी गोळा होतात. एक पेशी मेली की तिच्यातला कण बाहेर पडतो, दुसरी गिळते. कण मोठा असेल तर चार-सहा पेशी एकत्र होऊन एक राक्षसी पेशी बनते. कचरा संपतच नाही कारण आपण चालतोय आणि रोज नवीन पडतोय.

आता या आरडाओरड्याचा हाडाशी काय संबंध? हाड खरवडणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात, पण त्या तयार होतात मॅक्रोफेजच्याच घराण्यातून, म्हणजे भाऊबंदच. सूज चालू असली की रँकएल नावाचा एक निरोप वाढतो आणि त्या निरोपाने या खरवडणाऱ्या पेशींची फौज उभी राहते. एरवी त्यांचं काम चांगलंच आहे, जुनं हाड काढायचं, मागून दुसऱ्या पेशी नवीन भरतात. इथे काढणारे वाढतात आणि भरणारे मंदावतात. महापालिकेने रस्ता खोदून ठेवावा आणि डांबर टाकणारी गाडी येऊच नये, तसं.

थोडक्यात कण स्वतः हाडाला काहीच करत नाही. हाड खातात त्या आपल्याच पेशी, आणि त्याही काही चुकीचं करत नसतात, जे काम त्यांना लाखो वर्षांपासून दिलंय तेच करत असतात. मला हे कळलं तेव्हा मी सर्जनना विचारलं होतं, म्हणजे बेअरिंग झिजून गेलं म्हणून नाही तर बेअरिंगची धूळ खाऊन फाउंडेशन गेलं? ते म्हणाले हो, असंच समजा.

हे कधी कळलं डॉक्टरांना?

हळूहळू, आणि एका चुकीतून. आजचा खुब्याचा सांधा उभा केला जॉन चार्नली या इंग्रज सर्जनने, लँकेशायरमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलमधे. १९५८ पासून त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं, हो, तव्यावरचं टेफ्लॉन, कारण ते निसरडं. जवळजवळ ३०० जणांना बसवलं. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजून गेल्या आणि सांध्याभोवती चुऱ्याच्या गाठी झाल्या, सगळे काढायची वेळ आली.

मग त्यांच्या लॅबमधे एक विक्रेता वेगळ्याच प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. हे प्लास्टिक तिकडच्या कापडगिरण्यांत मागाच्या गिअरना वापरायचे. चार्नलींना त्यात काही दम वाटला नाही, पण त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने साहेब परदेशी असताना ते मशीनवर लावून बघितलं आणि ते टिकलं. तेच आपलं पॉलिइथिलीन. नोव्हेंबर १९६२ पासून ते माणसात बसवायला लागले. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती पुढची, चार्नलींनी टेफ्लॉन आणि पॉलिइथिलीन दोन्ही स्वतःच्या मांडीत घालून घेतलं, आणि नऊ महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागणाऱ्या फुगलेल्या गाठी होत्या, पॉलिइथिलीनच्या जागी काहीच लागत नव्हतं.

पण मोठा तुकडा गप्प बसतो म्हणून चुराही गप्प बसेल असं नसतं. १९७६-७७ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम हॅरिस आणि जर्मनीत हान्स विलर्ट यांनी झिजेचा चुरा, त्याभोवतीच्या पेशी, हाडातले खड्डे यावर लिहिलं. तरी पुढची दहा वर्षं बहुतेकांनी दोष सिमेंटला दिला, त्याला सिमेंट डिसीज असं नावसुद्धा पडलं. (हे सिमेंट म्हणजे आजीच्या कवळीतलंच ॲक्रिलिक बरं का, एसीसी नव्हे.) म्हणून मग बिनसिमेंटचे सांधे आले, आणि त्यांच्याभोवतीही हाडात खड्डे पडले! तेव्हा कुठे मान्य झालं की सिमेंट एकटं गुन्हेगार नाही, कुठलाही बारीक चुरा हे करू शकतो.

आईला काय झालं होतं?

आईचा खुबा २००२ मधे बदलला, चोपन्नाव्या वर्षी, मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला होता म्हणून. सिमेंटशिवायचा, म्हणजे बाहेरून धातूची वाटी आणि तिच्या आत प्लास्टिकचं अस्तर. पहिली तीन वर्षं दरवर्षी एक्स-रे काढला. नंतर वाईहून पुण्याला यायचं, दिवस मोडायचा, आणि तिथे जाऊन डॉक्टर म्हणणार सगळं छान आहे, म्हणून ती म्हणाली कशाला. मीही म्हटलं कशाला. दुखत तर काहीच नव्हतं, मांढरदेवीला पायऱ्या चढून जायची.

२०१६ मधे माझ्या लक्षात आलं की चहा झाल्यावर खुर्चीतून उठली की टेबल धरून जरा उभी राहते, दोन-तीन पावलं कशीबशी टाकते आणि मग ठीक चालते. विचारलं की म्हणायची वय झालं. सहा महिने आम्ही वय झालं यावर काढले. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी पेनाने दाखवलं, गोळा वाटीच्या मधोमध नव्हता, वर सरकला होता, म्हणजे वरचं प्लास्टिक झिजून पातळ झालं होतं. आणि वाटीच्या मागे हाडात अंड्याएवढा काळा डाग. सीटी स्कॅनमधे तो त्याहून बराच मोठा निघाला, हे नेहमीचंच आहे म्हणे, साध्या एक्स-रेत खड्डा असतो त्यापेक्षा लहान दिसतो.

दुखत नसेल तर एक्स-रे कशाला काढायचा?

वरचं वाचलंत ना? हाड जाताना दुखत नाही. दुखायला लागतं ते वाटी किंवा दांडा हलायला लागल्यावर, आणि तोपर्यंत खड्डा पडून बसलेला असतो. खड्डा लहान असताना काही वेळा नुसतं आतलं प्लास्टिक बदलून आणि हाडाची भर घालून भागतं, सगळं उखडावं लागत नाही. किती वर्षांनी काढायचा ते तुमचे सर्जन सांगतील, पण जुने फिल्म फेकू नका, गुंडाळी करून कपाटावर टाकू पण नका, कारण एका एक्स-रेपेक्षा दोन एक्स-रेमधला फरक जास्त बोलतो.

कोणत्या लक्षणांकडे बघायचं?

बसून उठल्यावरची पहिली काही पावलं दुखणं, हे सगळ्यात ओळखीचं. खुब्यात वाटी ढिली असेल तर बहुतेकदा जांघेत दुखतं, दांडा ढिला असेल तर मांडीत. पाय आखूड वाटणं, गुडघा बदललेला असेल तर त्यावर जोर टाकला की नडगीच्या वरच्या भागात दुखणं, लंगडणं नव्याने सुरू होणं. रात्री झोपेतही दुखत असेल, ताप असेल, जखमेच्या जागी लाली किंवा स्राव असेल तर थांबूच नका, ते इन्फेक्शन असू शकतं.

इन्फेक्शन आणि हे, फरक कसा कळणार?

तुम्हाला-मला नाही कळणार, कधी कधी डॉक्टरांनाही पटकन कळत नाही. काही जंतू इतके संथ असतात की इम्प्लांटवर बुळबुळीत थर करून वर्षानुवर्षं बसतात, ना ताप ना पू, एक्स-रे अगदी चुऱ्याच्या आजारासारखा. म्हणून आधी ईएसआर आणि सीआरपी या सूज किती ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या करतात आणि सांध्यातलं पाणी सुईने काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात, जंतू वाढतात का ते बघायला कल्चरला लावतात.

एक कळकळीची विनंती, दुखतंय म्हणून मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकचा कोर्स आणून खाऊ नका. त्याने जंतू मरत नाहीत पण पाण्याच्या तपासणीत सापडेनासे होतात, मग चुऱ्याचं म्हणून ऑपरेशन होतं आणि नवीन सांध्यातही तेच जंतू.

मला खोटे कानातले सोसत नाहीत. मेटलचा सांधा चालेल का?

कानातल्यांनी खाज येते ती बहुतेकदा निकेलची, आणि कोबाल्ट-क्रोमच्या सांध्यात निकेल थोडंसं असतं. ही ॲलर्जी वेगळ्या पेशींची, टी-लिम्फोसाइटची. पण कातडीला निकेल सोसत नाही म्हणून सांधा ढिला पडेलच असं दिसलेलं नाही, अशा बऱ्याच बायकांचे सांधे छान चालतात. कातडीवरची पॅच टेस्टही सांध्याचं भविष्य नीट सांगत नाही. ऑपरेशनआधी सर्जनना सांगा मात्र नक्की, ते टायटॅनियमचा किंवा लेप दिलेला सांधा सुचवू शकतात.

आणि ते होर्डिंगवरचे सोनेरी गुडघे, त्यात सोनं नसतं हो, टायटॅनियमच्या संयुगाचा लेप असतो. ॲलर्जीवाल्याला विचार करायला हरकत नाही, पण सोनेरी म्हणून आयुष्यभर टिकेल असं कुणी म्हणालं तर पुरावा मागा.

प्लास्टिकच नको, मग धातूवर धातू का नाही?

केलं की. एकेकाळी फार जोरात होतं. झीज कमी, गोळा मोठा, निखळायची भीती कमी, आणि तरुण पेशंटना आवर्जून बसवायचे. पण धातूचा चुरा प्लास्टिकपेक्षाही कितीतरी बारीक, नॅनोमीटरमधे, त्यामुळे वजनाने झीज कमी दिसली तरी कणांची संख्या प्रचंड, आणि त्यातून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरतं. काही जणांत लिम्फोसाइट खवळतात, सांध्याभोवतीचं मांस मरतं, पाण्याने भरलेल्या गाठी होतात, दिसायला ट्यूमरसारख्या पण कॅन्सर नाही.

डिप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुबा हे यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण. ब्रिटनमधे बदललेल्या सांध्यांची नोंद ठेवतात त्या रजिस्ट्रीत पाच वर्षांत १२-१३ टक्के सांधे पुन्हा करावे लागल्याचं दिसलं आणि ऑगस्ट २०१० मधे कंपनीने तो जगभरातून परत मागवला. आपल्याकडे जवळपास ४,७०० ऑपरेशनांत तो वापरला होता. महाराष्ट्राच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनाने, मुंबईत पोलिसात तक्रार दिली होती, पुढे केंद्राने समिती नेमली आणि २०१८ मधे नुकसानभरपाईचं सूत्र ठरलं, जास्तीत जास्त सव्वा कोटीच्या आसपास. तुमच्या घरी कुणाचा २०१० च्या आधीचा धातूवर धातूचा खुबा असेल तर डिस्चार्ज फाइलमधलं इम्प्लांटचं स्टिकर शोधा, आणि रक्तातलं कोबाल्ट-क्रोमियम तपासायचं का ते डॉक्टरांना विचारा, दुखत नसलं तरी.

गुडघ्यातही असंच होतं का?

होतं, पण गुडघ्यातला चुरा साधारण मोठ्या तुकड्यांचा असतो, मॅक्रोफेजना तो तितका आवडत नाही. गुडघा ढिला पडतो त्यात पाय वाकडा राहणं, वजन, बसवण्याचा कोन असल्या यांत्रिक कारणांचा वाटा मोठा. इथे माझं इंजिनिअरिंग थोडंफार बरोबर आलं.

मला आमवात आहे, प्रतिकारशक्ती दाबायची औषधं चालू आहेत. सांधा जास्त लवकर ढिला पडेल का, की उलट वाचेल?

तुमच्यासाठी मोठी काळजी इन्फेक्शनची. मेथोट्रेक्सेट, आमवातावरचं नेहमीचं औषध, सहसा ऑपरेशनच्या वेळीही चालू ठेवतात, बायोलॉजिक इंजेक्शनांची वेळ मात्र मागेपुढे करतात, ते तुमचे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि सर्जन दोघांनी बोलून ठरवायचं, मधल्यामधे आपण बंद करायचं नाही. टीएनएफ रोखणारं औषध हाड वाचवण्यासाठी छोट्या चाचणीत वापरून बघितलंय, ठोस असं काही हाती लागलं नाही.

मग हाड खाणं थांबवणारी गोळी नाहीच?

अजून तरी नाही. हाडं ठिसूळ होतात त्यावरचं डेनोसुमॅब इंजेक्शन रँकएललाच अडवतं, म्हणजे तर्काने अगदी बरोबर जागी मारतं. इंग्लंडमधे शेफिल्डला छोट्या चाचणीत रिव्हिजनच्या, म्हणजे सांधा पुन्हा बदलायच्या ऑपरेशनच्या, आधी एक डोस दिला तर खड्ड्यातल्या खरवडणाऱ्या पेशी खूप कमी झालेल्या दिसल्या. पण त्याने ऑपरेशन टळतं का हे अजून सिद्ध व्हायचंय, आणि हे इंजेक्शन मधेच सोडलं की हाड उलट झपाट्याने जातं, त्यामुळे आपल्या मनाने नको.

गुळवेल, काढे, इम्युनिटी बूस्टर घेतले तर?

अहो, इथे इम्युनिटी कमी पडत नाहीये, ती जरा जास्तच कामाला लागलीये. बूस्ट कशाला करताय?

मांडी घातली म्हणून ढिला झाला का?

आईला सगळ्यांनी हेच ऐकवलं, हळदीकुंकवाला खाली बसलीस म्हणून झालं. मांडी घालण्याने खुबा निखळायचा धोका असतो, तो वेगळा विषय. झीज होते ती चालण्याने, वर्षांनी आणि वजनाने. एकदा खाली बसलं म्हणून हाडात अंड्याएवढा खड्डा पडत नाही. दोष द्यायचाच तर आम्ही चुकवलेल्या अकरा वर्षांच्या एक्स-रेंना द्या.

नवीन सांधे जास्त टिकतात का?

प्लास्टिकवाले खुबे तरी हो. पूर्वी प्लास्टिक हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचे, त्याने ते कपाटात पडल्या पडल्या ऑक्सिडाइज होऊन ठिसूळ व्हायचं, म्हणजे बसवायच्या आधीच म्हातारं. १९९८-९९ पासून हायली क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन आलं, यात किरणांनीच साखळ्या एकमेकींना बांधतात आणि मग तापवून पुढे ऑक्सिडाइज व्हायचा धोका कमी करतात. नंतर व्हिटॅमिन ई घातलेलंही आलं. जुन्या प्लास्टिकची झीज वर्षाला ०.१ मिलिमीटर किंवा जास्त असायची, आणि त्याखाली झीज राहिली तर खड्डे क्वचितच पडतात असा अनुभव आहे. नवीन प्लास्टिक त्याच्या बरंच खाली राहतं.

२०१९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात २५ वर्षांनी खुबे साधारण ५८ टक्के आणि गुडघे ८२ टक्के टिकलेले दिसले, पण ते बसवलेले जुन्या काळात, म्हणजे आज बसवलेल्याचा हिशोब अजून पुरा व्हायचाय.

रिव्हिजन किती अवघड असतं?

पहिल्यापेक्षा अवघड. हाड कमी उरलेलं असतं, वेळ जास्त, रक्त जास्त, खर्च जास्त. आईचं साडेतीन तास चाललं. वाटीच्या मागचा खड्डा खरवडून त्यात हाडाचा चुरा दाबून भरला आणि स्क्रू मारून मोठी वाटी बसवली. दांडा पक्का होता म्हणून ठेवला. तीन महिने वॉकर. आता काठी घेऊन चालते, मांढरदेवी बंद.

काढलेला भाग घरी देतात का?

आम्ही मागितला नाही, पण सर्जननी ट्रेमधे आणून दाखवला. धातूची वाटी लख्ख, अगदी नवी. आतलं प्लास्टिक पिवळसर पडलेलं, साबणाची वडी एकाच बाजूने झिजते तसं वरच्या अंगाला कागदासारखं पातळ. बाजूला बशीत खड्ड्यातून काढलेलं काहीतरी होतं, भिजवलेल्या कण्यांसारखं, पांढरट-पिवळं. मी विचारलं हे प्लास्टिक का? ते म्हणाले प्लास्टिक आहेच आत, पण बाकीच्या सगळ्या तुमच्या आईच्याच पेशी आहेत.